नवाबांची गणती

सोमवार, ८ सप्टेंबर १९९७

पोचले एकदाची! सकाळी साडेसहाला हैदराबादेत गौलीगुड्याच्या स्टँडवरून बस मिळाली, खिडकीची जागा मिळाली, आणि शहर मागे पडून उघडे खडक आणि सीताफळीची झुडपं सुरू झाली तशी मी चक्क गुणगुणायला लागले. शेजारच्या बाईंनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. पायाशी बाबांची रेल्वेच्या नोकरीतली हिरवी ट्रंक, मांडीवर आईचा डबा. काचीगुड्याच्या घरून निघताना अभिजीतने ट्रंक रिक्षात चढवली आणि म्हणाला, सगळं जग कॉम्प्युटरवर बसलंय आणि आमची ताई फुलपाखरं मोजायला निघाली. त्याचा अमेरिकेचा व्हिसा आलाय, त्याला आता काहीही बोलायची मुभा आहे. मी एकोणतीस वर्षांची, एम.एस्सी. झूलॉजी, सहा वर्षं कॉलेजात पोरांना बेडूक कापायला शिकवणारी. आज पहिल्यांदा मला त्याचा हेवा वाटला नाही.

फाट्यावर लक्ष्मणराव स्वतः जीप घेऊन उभे होते. तेच या प्रकल्पाचे प्रमुख. पासष्टीचे, उंच, पांढरा सदरा, आणि बोलण्यात इतकी माया की दहा मिनिटांत परकेपणा गेला. मूळचं उदगीरकडचं शेतकरी घराणं, वडिलांच्या वेळेपासून हैदराबादेत बियाण्यांचा व्यापार. मूलबाळ नाही. व्यापार पुतण्यांवर टाकून ते सहा वर्षांपूर्वी फुलपाखरांच्या नादी लागले. मी ट्रंक उचलायला गेले तर म्हणाले, "नक्को, नक्को. पोरींनी वजन उचलायचं नाही."

जंगल साडेतीनशे एकरांचं, राखीव. शहरातल्या एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीने ते फुलपाखरांसाठी दत्तक घेतलंय. चार खोल्यांचं बैठं घर, मागे जाळीची अळीशाळा, एक फोन. घरात लक्ष्मणरावांच्या पत्नी सुनंदाबाई. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून बोलता येत नाही, हलता येत नाही, फक्त डोळे फिरतात. त्यांना सांभाळायला जयवंता आहे, पन्नाशीची, अंगाने भक्कम. सुनंदाबाईंच्या लग्नात माहेराहून पाठराखीण म्हणून आली ती राहिलीच. बाईंना ती अक्का म्हणते. मला ज्वारीची भाकरी आणि अंबाड्याची भाजी वाढली आणि समोर बसून मी संपवेपर्यंत उठली नाही.

खिडकीतून शिरीष दिसतो. मी खूश आहे.


शुक्रवार, १२ सप्टेंबर

कामाची ओळख झाली. फुलपाखरं वाचवायची म्हणजे जंगल आपापलं सोडून द्यायचं, अशी माझी समजूत होती. लक्ष्मणराव म्हणाले, सोडून दिलं तर घाणेरीची झुडपं सगळं गिळतात. गावातून दहा बाया कामाला येतात, त्यांची मुकादम भाग्यलक्ष्मी. त्या घाणेरी मुळासकट उपटतात, ऊन जमिनीपर्यंत पोचेल अशा मोकळ्या जागा करतात. तिथे आम्ही शिरिषाची रोपं लावतो, कारण आमचा मानकरी नवाब त्या पानांवर अंडी घालतो. नवाब म्हणजे काळपट पंखांवर फिकट हिरवा पट्टा असलेलं फुलपाखरू, मागच्या पंखांना दोन-दोन टोकदार शेपट्या. उडतं असं की नजर पुरत नाही. अळी तर बघत राहावी, डोक्यावर चार शिंगं. अंडी गोळा करून अळीशाळेत वाढवतो, कोशातून बाहेर आली की जंगलात सोडतो.

आणि शत्रू मारतो. हे मला माहीत नव्हतं. मुंग्यांच्या वारुळांत उकळतं पाणी. गांधीलमाशीने अळीच्या पोटात अंडी घातली असतील तर ती अळी ओळखून चिमटीत चिरडायची. कोतवाल पक्ष्यांची घरटी काठीने पाडायची. आज लक्ष्मणरावांनी एक घरटं पाडलं, तीन पिल्लं होती, त्यांनी ती एकेक करून चपलेखाली घेतली आणि मग चप्पल गवताला पुसत मला म्हणाले की एकाला जगवायचं ठरवलं की बाकीच्यांची यादी आपोआप होते, त्याचं वाईट वाटून घ्यायचं नसतं.

मी संध्याकाळपर्यंत चाळीस अळ्या चिरडल्या. पहिल्या पाचांनंतर काही वाटलं नाही.


गुरुवार, १८ सप्टेंबर

आज मला 'अंगण' दाखवलं. घरापासून दहा मिनिटांवर, शिरिषांच्या मधोमध गोल मोकळी जागा. मध्ये सिमेंटचा चौथरा आणि त्यात पाय पक्के गाडलेली शिसवी आरामखुर्ची, उदगीरच्या घरातली. रोज सकाळी साडेनऊला लक्ष्मणराव सुनंदाबाईंना लहान मुलासारखं दोन्ही हातांवर उचलून तिथे नेतात. बाई कलंडू नयेत म्हणून कमरेला जीपच्या सीटचा रुंद चामडी पट्टा, त्याचं बक्कल खुर्चीच्या पाठीमागे. मग केस विंचरून देतात, गजरा माळतात.

आणि नवाब येतात. नेहमीच्या जंगलात दिवसाला दोन-तीन दिसले तर नशीब. इथे अर्ध्या तासात शेहेचाळीस मोजले. बाईंच्या हातांवर, खांद्यांवर, पायांवर पांघरलेल्या शालीवर. लक्ष्मणराव लांब झाडाखाली बसून बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, तिला आवडतं. इतकं प्रेम मी कुणा नवराबायकोत बघितलं नाही. आई-बाबांच्यात तर नाहीच.

यावर शोधनिबंध होऊ शकतो. माझ्या नावाने.


सोमवार, २९ सप्टेंबर

शाल बाजूला झाली होती म्हणून दिसलं.

डाव्या पायाच्या नडगीवर तळहाताएवढी जखम. उघडी, लाल, ओली. पंधरा-सोळा नवाब कडेने दाटीने बसलेले, पंख मिटून, सोंडा आत.

मी लक्ष्मणरावांना विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही. नवाब फुलांवर जात नाही हे मलाही माहीत आहे. तो झाडाच्या चिकावर जातो, शेणावर, मेलेल्या जनावरावर, त्याला क्षार लागतात. हे क्षार मिळालेले नर जास्त जगतात, माद्या जास्त अंडी घालतात. आधी त्यांनी खेकडे ठेवले, मग बकऱ्याची आतडी. मग एप्रिलमध्ये बाईंना पलंगाची कड लागून जखम झाली, त्यांना इथे हवेला आणून बसवलं, आणि एका सकाळी सदतीस नवाब आले. मेलेल्यापेक्षा त्यांना जिवंत आवडतं. तेव्हापासून जखम भरू दिलेली नाही. रोज मिठाच्या पाण्याने धुवायची, खपली काढायची. डॉक्टरांनी बाईंची आशा सोडलेलीच आहे, म्हणाले. आणि त्या बाजूला तिला काहीच लागत नाही. लाकूड आहे ते.

मी परत गेले आणि खाली बसून नीट बघितलं. एक नवाब जखमेच्या मध्यावर सरकला तेव्हा बाईंच्या पायाची बोटं आत वळली. सावकाश. मग पुन्हा सरळ झाली.

आजची संख्या ८१.


शुक्रवार, ३ ऑक्टोबर

भाकरी थापता थापता जयवंताने विचारलं. तिला वाचता येत नाही. सायब म्हणतात ही फुलपाखरं जखम साफ करतात, विलायतेत अशीच दवा करतात, ते खरं का? गावातल्या बाया कायबाय बोलतात म्हणून विचारते. "तुम्ही शिकलेल्या हायत ताई. तुम्ही सांगितलं की मी मानते."

चुलीतलं लाकूड फुटलं. मी पाण्याचा तांब्या उचलला आणि खाली ठेवला.

मी हो म्हणाले.

तिचा चेहरा इतका मोकळा झाला. म्हणाली, मग रोज चांगलं घासून धुते, आजवर हात भीत भीत लावायचे. आणि मला चौथी भाकरी वाढली.


रविवार, १२ ऑक्टोबर

दसऱ्याला घरी जाऊन आले. काचीगुड्याच्या घरात माणसांचा गराडा, अभिजीत पुढच्या आठवड्यात निघतो. शेजारच्या मंगलामावशींनी त्याच्यासाठी चिवडा, लाडू, लोणचं, सगळं प्लास्टिकमध्ये सीलबंद करून आणलं होतं. मी बाबांना सांगत होते की काल एकशे अठरा नवाब मोजले, भारतात कुणी एका जागी इतके पाहिलेले नाहीत. बाबा हो हो म्हणाले आणि अभिजीतच्या सूटकेसचं कुलूप तपासायला उठले.

तिथेच राहावं असं क्षणभर वाटलं. आईला सांगावं असंही वाटलं. पण आईने स्थळाचा विषय काढला आणि मी दुपारचीच बस धरली.

लक्ष्मणरावांनी बातमी दिली: कंपनीचे लोक तीस नोव्हेंबरला येणार, सोबत परदेशातले दोन तज्ज्ञ. माझा आलेख त्यांना पाठवलाय. माझं नाव वर आहे.


मंगळवार, २१ ऑक्टोबर

भाग्यलक्ष्मी आणि बाया येईनाशा झाल्या. फाट्यावर भेटली तेव्हा मी कारण विचारलं, तर नुसतं 'वद्दु अम्मा, वद्दु' म्हणत राहिली. नको, नको. मग स्वतःच्या डोळ्यांना हात लावून दाखवला.

मला वाटलं दृष्ट लागेल म्हणतेय. आज समजलं. एक नवाब सुनंदाबाईंच्या गालावर चढला आणि डोळ्याच्या कोपऱ्यात सोंड घालून बसला. मग दुसरा, दुसऱ्या डोळ्याला. बाईंना पापणी मिटता येते, मिटली. ते हलले नाहीत. मी पहिल्यांदाच हात हलवून त्यांना उडवायला गेले, तरीही हलले नाहीत. बोटाने ढकलावं लागलं. ढकललेला फिरून माझ्या मनगटावर बसला, घाम होता तिथे. सोंडेचं टोक टोचत नाही, चाचपतं.

पापणी उघडली तेव्हा बाई माझ्याकडे बघत होत्या. माझ्याकडे. लक्ष्मणरावांकडे नाही.

१४३.


मंगळवार, ४ नोव्हेंबर

सुनंदाबाई गेल्या. काल सकाळी अंगणातच. मी एकशे साठपर्यंत मोजलं होतं, तेव्हा त्या गेल्या होत्या की नव्हत्या मला सांगता येणार नाही.

दाखल्यासाठी तालुक्याहून डॉक्टर आले. पाय बघून ते जयवंतावर ओरडले. लक्ष्मणराव बाहेर लाकडांचं बघत होते, तीच समोर सापडली. म्हणाले, ही जखम कुणी अशी ठेवली? महिन्याभरात भरली असती. विष अंगात भिनून मेलीय ही बाई, आणि तिला सगळं लागत होतं, हातपाय चालत नाहीत म्हणजे कळत नाही असं नव्हे. जयवंता भिंतीला टेकून उभी होती. एकदा माझ्याकडे बघितलं आणि पदर सारखा केला.

चिता ओढ्याकाठी रचली. नवाब आले. पांढऱ्या कापडावर बसले, इतके की कापड काळं दिसायला लागलं. लक्ष्मणरावांनी अग्नी दिला तरी उठले नाहीत. पेटले. जागच्या जागी, कागदाच्या कपट्यांसारखे.

लक्ष्मणराव रडत होते. कुणासाठी ते मी विचारलं नाही.


सोमवार, १० नोव्हेंबर

संख्या ९. काल ६. लक्ष्मणरावांनी बकरी आणली, खुर्चीला बांधली, मांडीवर चीर दिली. नवाब आले, घिरट्या घातल्या, गेले. वीस दिवस राहिलेत.

मी कंपनीला आकडे पाठवून बसलेय. हे असं कुणाला दाखवू?


शुक्रवार, १४ नोव्हेंबर

लक्ष्मणराव स्वतः बसले.

सकाळी दाढी करून, धुतलेला सदरा घालून अंगणात आले, धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं आणि अळीशाळेतल्या पात्याने स्वतःच्या नडगीवर उभी चीर दिली. मला पट्टा घट्ट बांधायला सांगितला, मध्येच उठावंसं वाटलं तर उठता येऊ नये म्हणून. म्हणाले, तिने सात महिने दिले, मी पंधरा दिवस देतो.

पंधरा मिनिटांत आले. ५२.

तासाभराने मला जवळ बोलावलं. चेहरा पांढरा पडला होता. अगदी हळू म्हणाले, "उषा, सुनंदाला दुखत होतं गं."

मी म्हटलं, हो.


मंगळवार, १८ नोव्हेंबर

९७. लक्ष्मणरावांना साखरेचा आजार आहे, हे आज कळलं. पाय सुजून चकचकीत झालाय, वास येतो. ताप. जयवंता त्यांची जखम रोज मिठाच्या पाण्याने धुते, चांगली घासून. ते ओरडतात. ती शांतपणे घासते. तिला कळतंय की नाही, कळत नाही.


शुक्रवार, २१ नोव्हेंबर

१६६. बाईंच्या वेळेपेक्षा जास्त.

आज ते म्हणाले, पुरे. जीपमध्ये घाल आणि मला शहरात दवाखान्यात ने. किल्ली माझ्याकडे आहे. मी म्हटलं, उद्या बघू, उद्या सकाळची गणती झाली की. पट्टा सोडला नाही.


रविवार, २३ नोव्हेंबर

२०४. हात जोडले त्यांनी. "बेटा, पाय कापू देत. पण ने." मी म्हटलं, सात दिवस राहिलेत फक्त, तुम्हीच तर शिकवलंत. ते रडायला लागले. नवाब लगेच चेहऱ्यावर आले.

मी फोनची तार काढून ठेवलीय. कुणी काही विचारायला नको.

रात्रीचं ताट जयवंताने वाढलं. मी जेवले नाही. माझ्या उशीवर एक नवाब होता.


मंगळवार, २५ नोव्हेंबर

२३१.

मला आता ते कानाजवळ ऐकू येतात. फुलपाखराला आवाज नसतो. पण इतके एकदम पंख उघडले की —

लक्ष्मणराव बोलत नाहीत. डोळे फिरतात फक्त.


बुधवार, २६ नोव्हेंबर

मेले. सकाळी दहाच्या सुमारास. अकराला एकही नवाब राहिला नाही. मेलेलं त्यांना नकोच झालंय.

मी आणि जयवंताने त्यांना अळीशाळेत ठेवलं, ओल्या पोत्यांखाली. मी तिला म्हटलं, तीस तारखेनंतर कळवू. ती बरं म्हणाली. इतकंच. बरं.

माझे हात धुऊन होत नाहीत. ओले हात घेऊन बाहेर गेले की येतात, बोटांच्या बेचक्यांत बसतात, झटकले तरी —

चार दिवस.


गुरुवार, २७ नोव्हेंबर

०.

आंघोळ केली, तोंड कोरडं करून बाहेर पडले. घाम येऊ नये म्हणून सावकाश चालते. तरी मागे मागे येतात. अंगणात उतरत नाहीत. माझ्याच मागे. वाट बघताहेत. मी पळून जाऊ शकते, जीप आहे. पण मग आकडे कुणाचे? तीन महिने कुणाचे?

एकच माणूस राहिलंय इथे.

जयवंताला विचारते. लहानशी चीर. दोन तास फक्त, पाहुणे असेपर्यंत. बाईंसाठी, म्हणेन. बाईंच्या नावाने कंपनी पाटी लावणार आहे, म्हणेन. ती भोळी आहे.


शुक्रवार, २८ नोव्हेंबर

मान्य झाली! मी विचारलं आणि ती लगेच हो म्हणाली, भाकरी उलटता उलटता. आजच करून बघू म्हणाली, म्हणजे परवा चूक नको. आता अंगणातच आहोत, ती मीठ-पाणी आणायला गेलीय. मी वही-पेन्सिल घेऊनच आले, गणतीला. आली की —


थोड्या वेळाने, तीच तारीख

लिहिते. हात मोकळे आहेत. दुसरं काही करता येत नाही.

ती म्हणाली, ताई, अक्काला मी कधी बसवली नाही, सायबच बसवायचे. कसं बसायचं, पाय कसा ठेवायचा, एकदा बसून दाखवा की. मी बसले. पट्टा कुठून कुठे येतो ते दाखवलं. तिने मागून बक्कल लावलं. मी म्हटलं हां, असं. मग ती पुढे आली आणि पातं तिच्याच हातात होतं.

दोन्ही पायांना. हाड दिसतंय.

मी ओरडले तेव्हा ती समोर उकिडवी बसून राहिली. मग म्हणाली, "अक्का माझ्याकडं बघायची ना ताई, तवा मी तिला सांगायचे, भिऊ नको, दवा हाय ती, ताई बोलल्यात. चांगली घासायचे मी. माझ्या हातानं घासायचे."

मी म्हटलं माझी चूक झाली. तिने मान हलवली. भांडण नव्हतंच तिच्या तोंडावर. मीठ-पाणी ओतलं. सावकाश.

फोनची तार तिला सापडलीय. तिने ती जोडली, कंपनीचाच फोन आला, तर सांगितलं म्हणे, सायब बिमार हैं, मत आओ. कुणी येणार नाही. रविवारी नाही. नंतरही नाही.

बक्कल हाताला लागत नाही. खुर्ची हलत नाही. सिमेंट.


पहिला आला. डाव्या पायावर.

मग चार.

मोजायचं नाही —

दुखतं. सोंड दुखत नाही, ती चाचपते, आणि चाचपत जिथे मांस जिवंत आहे तिथे जाऊन थांबते. बोटं वळतात. आपोआप. मी वळवत नाही


मांड्यांवर. हातावर. पेन्सिलीवर एक बसलाय. वही काळी झालीय, अक्षर त्यांच्या मधून काढते

डावा डोळा गेला. मिटलाय, पण ते कडेने —

फाट्यावर हॉर्न. गौलीगुड्याची बस. थांबलीय. जयवंता गाठोडं घेऊन चढत असेल. ड्रायव्हरला हाक पोचेल, इतकं लांब नाही ते, वाराही तिकडेच वाहतोय. एकदा ओरडले तर. पण ओठांवर बसलेत, सगळे, दाटीने, सोंडा फटीत घालून, आणि ओरडायला तोंड उघडावं लागेल, आणि तोंड उघडलं की